खाडीचं पाणी मोजतात सगळे, बघायला मिळत नाही कुणाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुहागरच्या किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचा आंतरराष्ट्रीय मान, मिळाल्याच्या बातम्या सगळ्याच वर्तमानपत्रांनी दिल्या, आपणही दिलीत. 2025 साली राज्यातल्या पाच किनाऱ्यांना हा मान मिळाला. डहाणूचा पारनाका, श्रीवर्धन, नागाव, लाडघर आणि आमचं गुहागर. त्यासाठी 33 कसोट्या लावतात म्हणे. त्यातली मला मनापासून आवडलेली एक अशी की, पोहायच्या पाण्याचे नमुने ठरावीक मुदतीत पुन्हा पुन्हा तपासायचे आणि निकाल किनाऱ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावायचा. कुणाकडे अर्ज नको, माहितीचा अधिकार नको. पुण्याहून आलेल्या माणसाने पाण्यात पाय घालायच्या आधी पाटी वाचावी आणि काय ते ठरवावं.

पर्यटकाच्या अंगाला लागणाऱ्या पाण्याची पाटी लागते, तर त्याच्याच ताटात येणाऱ्या माशाच्या पाण्याची का लागू नये, हे विचारायला हे पत्र.

मी गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या मच्छीमार सहकारी सोसायटीची सचिव आहे. डिझेलच्या परताव्याचे अर्ज, बर्फाची बिलं, होड्यांचे परवाने, विम्याचे कागद असलं सगळं माझ्या टेबलावरून जातं. शिक्षण बी. कॉम., त्यामुळे समुद्राचं शास्त्र मला कळतं असा माझा दावा नाही. पण ते शास्त्र करणाऱ्या आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या बऱ्याच कार्यालयांशी पत्रव्यवहार करायची पाळी माझ्यावर येते, ती खाडीत मासे मरतात तेव्हा.

शेवटची पाळी गणपती होऊन गेल्यावर आली. पहाटे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मुळे (शिंपले) काढायला गेलेल्या बायका उजाडता उजाडता परत आल्या, टोपल्या रिकाम्याच. कुर्ल्या पाण्याबाहेर आल्यात, म्हणाल्या. जाऊन बघते तर कांदळाच्या मुळांवर आणि जेट्टीच्या खांबांवर कुर्ल्या एकीवर एक चढून बसलेल्या. एरवी बोट जवळ नेलं तरी डेंगा उगारणारं जनावर, पण हाताने उचलली तरी हलत नव्हती. उथळात बोय मासळी पाण्यावर तोंड काढून हवा गिळत होती. त्या घटकेला मेलेलं असं काहीच नव्हतं. मरायला लागलं ते दुपारी. आधी तळाची कोलंबी आणि शिंगाळी, मग बाकीचं. पाण्याला रंग नव्हता. वास होता, पण तो चिखलाचा की आणखी कशाचा यावरून जेट्टीवर दोन तट पडले.

मी फोन करायला बसले. एका कार्यालयात म्हणाले, आमच्याकडे समुद्र येतो, खाडी येत नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, आमच्याकडे मासे येतात, पाणी येत नाही. तिसऱ्यांनी लेखी मागितलं, ते मी तासाभरात पाठवलं. नमुना घ्यायला माणसं आली ती दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, तुडुंब भरतीला. बाटली भरली, सील केली, माझी सही घेतली. माणसं सज्जन होती, उन्हातान्हात आली होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अहवाल दिवाळीनंतर आला. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे मासेमारीच्या पाण्याला किमान 4 लागतो. म्हणजे कागदोपत्री आमची खाडी ठणठणीत.

तो आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. पण तो दुपारचा होता, आणि मासे गुदमरले ते पहाटे. दिवसा पाण्यातल्या वनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात, रात्री त्याच तो वापरतात, म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात खाली असतो. शिवाय भरतीला खाडीत येतं ते बाहेरचं समुद्राचं पाणी आणि सुकतीला जे उरतं ते वरून आलेलं. सहा तासांच्या अंतराने त्याच खांबापाशी उभं राहून बाटली भरली तर दोन वेगळी पाणी हाती येतात. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. अहवालात मात्र नमुना घेतल्याची तारीख होती, वेळ नव्हती, आणि भरती की ओहोटी हा रकाना त्या छापील फॉर्मात नव्हताच. अमावास्या-पौर्णिमेचं मोठं उधाण की अष्टमीच्या सुमाराचा कमजोर भांग, हे विचारणं तर लांबच.

आता जेट्टीवरच्या त्या दोन तटांकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. एक तट म्हणतो, वरून रात्री केमिकल सोडलं. दुसरा म्हणतो, भादव्यात-अश्विनात समुद्रच असा करतो, आजोबांच्या वेळीही मासे वर यायचे. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही हातात काही नसतं.

दुसऱ्या तटाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 पासूनची. तिथल्या शास्त्रज्ञांनी 1997 पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरलेल्या एकाच जागी वरचेवर जाऊन वरपासून तळापर्यंतचं पाणी मोजायला घेतलं. त्यातून दिसलं ते असं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे खोल समुद्रातलं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी तळातळाने वर सरकत येतं. वरती पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं बसलेलं असतं, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळपास संपतो आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. 2000 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं, आणि या प्रकाराचा जोर वाढण्यात जमिनीवरून वाहून येणाऱ्या खतांचाही हात असावा असं त्या शास्त्रज्ञांनी मांडलं. म्हणजे निसर्ग आणि माणूस दोघंही त्यात आले.

तेव्हा आमच्या खाडीत सप्टेंबरात मासे मेले तर जेट्टीवरचा कुठलाही तट खरा असू शकतो, किंवा दोन्ही. ठरवायचं तर तीन आकडे शेजारी शेजारी लागतात. त्या दिवशी खाडीच्या तोंडाबाहेर तळाच्या पाण्यात प्राणवायू किती होता. त्या रात्री वरच्या बाजूच्या सांडपाण्यात काय वाहत होतं. आणि त्या पहाटे जेट्टीपाशी, ओहोटीच्या कुठल्या टप्प्याला, पाणी कसं होतं. यातला शेवटचा आकडा आमच्याकडे कुणीच घेत नाही. पहिले दोन, निदान त्यांच्या जवळपासचे, कुणाच्या ना कुणाच्या संगणकात बहुतेक असतात. पण ते एका कागदावर काही येत नाहीत. म्हणून कारखानदाराला ‘हे नैसर्गिक आहे’ म्हणता येतं आणि आम्हाला ‘हे तुमचंच पाप’ म्हणता येतं, आणि भांडण पुढच्या गणपतीपर्यंत जिवंत राहतं.

मोजणारे कोण कोण आहेत याची मी एकदा सवडीने यादी केली, तेव्हा माझंच डोकं चक्रावलं. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या पाण्याची देशव्यापी तपासणी केंद्र सरकारने 1990 च्या सुमारास सुरू केली. ती आज चेन्नईची राष्ट्रीय किनारी संशोधन संस्था बघते. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्या, खाड्या आणि समुद्राच्या ठरलेल्या ठिकाणांचे नमुने घेतं. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राच्या माहितीचं राष्ट्रीय केंद्र, 1999 पासून आहे, ते उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघतं. मासळी किती उतरली हे कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुना पद्धतीने मोजते आणि राज्याचं मत्स्य खातंही आपल्या पद्धतीने मोजतं. दोघांचे आकडे जुळत नाहीत, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. कांदळवनं आणि कासवं वनखात्याकडे. जेट्ट्या आणि गाळ उपसणं मेरीटाइम बोर्डाकडे. समुद्रात तेल सांडलं तर तटरक्षक दल. शिवाय 17 प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना 2014 पासून सांडपाण्यावर सतत चालणारी यंत्रं बसवायला लावली आहेत. ती माहिती लोकांना बघता यावी असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित भांडार मात्र वेगळंच आहे. किनाऱ्यावर कुठलाही मोठा प्रकल्प यायचा झाला की पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो. त्यासाठी कंपनीची माणसं येऊन खाडीचं पाणी, गाळ, प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), मासे, सगळं मोजून जातात. मंजुरी मिळाली की 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. म्हणजे कोकणातल्या कितीतरी खाड्यांची नाडी वर्षानुवर्षं कुणीतरी बघतं आहे, आणि तीही कंपनीच्या खर्चाने. ते आकडे जातात कुठे? शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये, बहुतेकदा कागद आडवातिडवा ठेवून स्कॅन केलेले. मी एकदा असा एक अहवाल उतरवून घेतला आणि त्यातला प्राणवायूचा तक्ता रात्री जेवणं झाल्यावर हाताने एक्सेलमध्ये भरला. तक्त्यातल्या एका ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले तर टाचणी पडली आंब्याच्या बागेत. आमच्या जेट्टीचंच नाव एका कार्यालयाच्या कागदात गावावरून आहे, दुसऱ्याच्या कागदात पुलावरून, तिसऱ्याकडे नुसता नंबर. त्या तिघांना आपण एकाच जागेबद्दल लिहितो आहोत हे समजायला काही मार्गच नाही.

तसं पाहिलं तर आपल्या किनाऱ्याची लांबीसुद्धा एक नाही. राज्य सरकार 720 किलोमीटर म्हणतं, आम्ही शाळेत तेच घोकलं. केंद्राच्या यादीत ती वर्षानुवर्षं 652.6 होती. नव्या मोजणीत, मोठ्या प्रमाणावरचे नकाशे वापरल्यावर, ती 877.97 झाली. किनारा काही लांबला नाही, खाड्यांची वळणं जास्त बारकाईने धरली एवढंच. कुणी कशाने मोजलं हे शेजारी लिहिलेलं असलं तर तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. लिहिलेलं नसलं तर भांडण.

उलट जिथे खूण एक असते तिथे काय होतं तेही गुहागरनेच पाहिलं. जानेवारी 2025 मध्ये आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या पायाला धातूची पट्टी होती, तिच्यावर नंबर 03233. ती पट्टी 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या लोकांनी मारलेली. पूर्व किनाऱ्याची कासवं आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, अशी तोवर बऱ्याच जणांची समजूत होती. ती एका पाच आकडी नंबराने हलली, कारण तो नंबर गुहागरच्या वाळूत वाचला आणि ओडिशाच्या नोंदीत सापडला. यात ना ॲप होतं, ना कोट्यवधींचं सर्व्हर. वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळ्या खात्यांच्या माणसांनी एकच खूण मानली होती, बस्स.

खाडीच्या पाण्याला अशी खूण द्या, हीच माझी मागणी आहे. सगळी माहिती उचलून एका मोठ्या कार्यालयात नेऊन कोंबा, असं मी म्हणत नाही, ते कुणी करूही देणार नाही. बँकेचं पासबुक बँकेकडे आणि सोसायटीची कीर्द सोसायटीकडे राहते, तरी वर्षअखेरीला ताळमेळ लागतोच, कारण चेकचा नंबर दोन्हीकडे तोच असतो. तसंच इथे. प्रत्येक खात्याने आपली वही आपल्याकडे ठेवावी. फक्त जागेचा क्रमांक सगळ्यांचा एक असावा. प्रत्येक आकड्यासोबत तारीख, वेळ, पाण्याची खोली आणि भरती-ओहोटीचा टप्पा असावा. आणि वहीची खिडकी एकमेकांना आणि आम्हाला उघडी असावी. युरोपीय संघाच्या आयोगाने 2008 साली पर्यावरणाच्या माहितीसाठी हेच तत्त्व मांडलं. माहिती जिथे तयार होते तिथेच ठेवायची, एकदाच गोळा करायची आणि अनेकांनी वापरायची.

कुणी म्हणेल, इतकी खाती एकत्र येणं शक्य नाही. त्यांनी बाल्टिक समुद्राचा नकाशा काढून बघावा. 1974 साली त्या समुद्राकाठच्या सात देशांनी हेलसिंकीला करार करून तो समुद्र सगळ्यांनी मिळून सांभाळायचं ठरवलं. त्या सातांत सोव्हिएत संघ होता, पोलंड होता, आणि पूर्व जर्मनी व पश्चिम जर्मनी असे दोन जर्मनी होते. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले लोक. पुढे त्यांनी पाणी कुठे, कधी, कसं मोजायचं याच्या पद्धतीही एक केल्या. आमच्याकडची खाती तर एकाच मंत्रालयाच्या दोन मजल्यांवर बसतात आणि एकाच कँटीनचा चहा पितात.

आपल्याकडेही काहीच नाही असं नव्हे, आणि हे न लिहिणं अन्यायाचं होईल. इन्कॉइस मासळी मिळण्याच्या संभाव्य जागांचा जो अंदाज देतं, त्यात बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली सगळं मराठीत येतं. आमचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आधी नाकं मुरडायचे, आता अंदाज आला नाही तर मलाच विचारतात. त्याच संस्थेने 2020 च्या डिसेंबरात समुद्राची माहिती एकत्र दाखवणारं ‘डिजिटल ओशन’ नावाचं दालन उघडलं, आणि पुढे कोची व विशाखापट्टणमच्या समुद्रात पाण्याचा दर्जा सतत मोजणारे बोये, म्हणजे तरंगती यंत्रं, सोडले. तेव्हा अक्कल आणि यंत्रं दोन्ही देशात आहेत. पण उपग्रहाला आमची खाडी नीट दिसत नाही. ती अरुंद आहे आणि पावसानंतर पाणी गढूळ. माणसाने खाली उतरूनच मोजायला हवं. आणि मासे कुठे सापडतील हे सांगायला सरकारी यंत्रणा मराठीत बोलू शकते, तर मासे का मेले हे सांगताना तिला इंग्रजी पीडीएफ का लागते, हेही कुणीतरी सांगावं.

खाली उतरायला माणसं आहेत. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात. आणि रोज पहाटे पाण्यात असणाऱ्या आम्ही बायका आहोत. कुर्ल्या वर चढल्या हे यंत्राच्या आधी आम्हाला दिसतं. आज आमचं हे दिसणं कुठल्याही कार्यालयात ‘माहिती’ धरलं जात नाही, ती ‘तक्रार’ होते. तक्रारीला जावक क्रमांक मिळतो, नकाशावर टिंब मिळत नाही. सोसायटीने फोटो, वेळ आणि जागेचा क्रमांक टाकून नोंद केली तर तो पुरावा मानू नका, हवं तर ‘न तपासलेली नोंद’ असा शिक्का मारा. पण ती दिसू द्या, आणि ती पडली की नमुना घेणाऱ्याचा फोन वाजू द्या. मे-जूनला वाळूवर डांबराचे गोळे येतात त्यांचंही तेच. एका गावाने पाहिले तर ती बातमी होते. पालघरपासून गोव्यापर्यंत कुठे कधी लागले हे एका नकाशावर आलं तर वारा आणि प्रवाह उलटे लावून ते कुठल्या बाजूने आले याचा माग काढता येईल.

आता याची दुसरी बाजू. हे सगळं उघड करायला आमचेच लोक घाबरतात, आणि उगाच घाबरत नाहीत. सोसायटीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘बाई, खाडीचं पाणी वाईट असं मोबाइलवर दिसलं तर उद्या आमची कोलंबी घेणार कोण?’ 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, सुमारे 800 टन तेल सांडलं, कीटकनाशकं भरलेले कंटेनर पाण्यात पडले. तेव्हा मुंबईच्या मासळी बाजारात गिऱ्हाईक फिरकेना, आणि ज्या मासळीचा त्या तेलाशी काही संबंध नव्हता तीही पडून राहिली. 25 मे 2025 ला कोचीबाहेर एमएससी एल्सा 3 बुडालं, केरळच्या वाळूत प्लॅस्टिकचे बारीक दाणे येऊन पडले, आणि मासे खावे की नाही ही चर्चा तिथेही सुरू झाली.

मी त्या काकांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. गिऱ्हाइकाला आकडा मिळाला नाही की ते अख्ख्या कोकणची मासळी टाळतं. आकडा मिळाला तर अमुक खाडीची, अमुक आठवड्याची टाळेल. अफवेला जागेचा क्रमांक नसतो, त्यामुळे ती दाभोळपासून देवगडपर्यंत सगळ्यांना सारखीच चिकटते. शिवाय पाणी सुधारलं तर तेही तारीखवार दिसेल. आज आमच्या खाडीचं पाणी वर्षातले बरेच महिने उत्तम असतं, हे आम्ही कुणाला दाखवू शकत नाही. काकांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. ‘आधी नुकसानभरपाईचं बघा,’ म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे, पण भरपाईच्या अर्जालाही पुरावाच लागतो, आणि तो नाही म्हणून आजवर कितीतरी अर्ज परत आले. कारणाचा रकाना ‘अनिश्चित’ असा भरून येतो.

दुसरी भीती मासे मिळायच्या जागांची. कुठे काय लागलं हे कुणी तांडेल लिहून देत नाही आणि देऊही नये, ती त्याची मिळकत आहे. तेव्हा पाण्याच्या नोंदी उघड्या आणि मासळीच्या नोंदी बंदरापुरत्या, एवढी मर्यादा सुरुवातीलाच कागदावर यायला हवी. नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळे खोटे आकडे भरतील. नवीन काही बांधताना हे भान राहत नाही, मग ॲप राहतं आणि भरणारे जातात.

राज्यभराचं एकदम नको. उद्घाटन होतं, बॅनर लागतो, आणि पुढे पासवर्ड कुणाकडे होता हे आठवत नाही. एका खाडीपासून सुरू करावं. ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे जेव्हा हे होतं तेव्हाच. खाडीच्या तोंडाशी, मध्यावर आणि वरच्या अंगाला अशा तीन जागा ठरवाव्यात, त्यांना क्रमांक द्यावेत, आणि ते क्रमांक सगळ्या खात्यांनी आपल्या फॉर्मात छापावेत. फॉर्मात भरतीचा रकाना वाढवायला तर पैसेही लागत नाहीत, पुढच्या छपाईला सांगितलं की झालं. पहाटेच्या सुकतीला प्राणवायू, तापमान, क्षार, अमोनिया एवढं जरी वरचं आणि तळाचं नेमाने मोजलं गेलं आणि आकडा दोन दिवसांत लोकांसमोर आला, तरी जेट्टीवरचं अर्धं भांडण मिटेल. तपासणी व्हायची असेल तर ‘कच्चा आकडा’ असं लिहून टाका, मागाहून दुरुस्त करा. आम्हाला कच्चा आकडा झेपतो. दिवाळीनंतरचा पक्का आकडा झेपत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर सगळ्या खात्यांची एक बैठक पुरे आहे. पण त्या बैठकीला सोसायट्यांची माणसं बोलावली जावीत, आणि शक्यतो उधाणाच्या दिवशी ठेवू नये, आमची अर्धी माणसं समुद्रात असतात.

एक विनंती आपल्यालाही. भरती-ओहोटीच्या वेळा कोकणातली वर्तमानपत्रं छापतात. ते आकडे मिळायला लागले तर त्या वेळांच्या शेजारी आपल्या आवृत्तीत रोज एक ओळ देता येईल का? तळाचा प्राणवायू, कालचा, अमुक खाडी. हवेच्या गुणवत्तेचा आकडा मुंबईकर आता पावसाच्या आकड्याइतकाच सहज वाचतात, तो काही आकाशातून पडला नाही, छापून छापून सवयीचा झाला.

आमच्या सोसायटीकडे मासे मेल्याच्या, फेस आल्याच्या, पाणी लाल-हिरवं झाल्याच्या नोंदींची वही आहे. आधीच्या सचिवांनी सुरू केली, मी पुढे चालवते. अक्षर सगळीकडे लागेलच असं नाही आणि काही पानांवर चहा सांडला आहे, पण प्रत्येक नोंदीपुढे तिथी आहे, त्यामुळे उधाण होतं की भांग हे काढता येतं. कुठल्याही खात्याला, महाविद्यालयाला, कारखान्याच्या प्रयोगशाळेलासुद्धा, ती बघायची असेल तर कार्यालयात यावं, झेरॉक्स आम्ही काढून देऊ. मंगळवारी सोसायटी बंद असते.

आपली,
मच्छीमार सहकारी सोसायटीची एक सचिव
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)